मागे रशिया आहे

एकाहत्तरच्या ऑगस्टमध्ये रशियाशी मैत्रीचा करार झाला. ती बातमी नांदुऱ्याच्या धान्यबाजारात आम्ही रेडिओवर ऐकली. वडील अडते होते, शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देत. माझा धाकटा भाऊ नौदलात, पूर्व किनाऱ्यावरच्या एका जहाजावर. वडिलांनी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. "आता कोणी हात लावत नाही. आपल्या मांगं रशिया हाये," असे ते येईल त्याला सांगत.

डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध लागले. कलकत्त्याकडे जाणाऱ्या लष्करी गाड्या नांदुऱ्यावरून जात. गावातल्या बायका स्टेशनवर जवानांना पोळी-भाजी देत, आईही जाई. मी एका दैनिकाला गावच्या बातम्या पाठवत असे, म्हणून घरचे मलाच विचारत. रेडिओपलीकडे मला काही कळत नव्हते.

मग बातमी आली की अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले आहे. पाकिस्तान अमेरिकेच्या लष्करी करारांतला, चीनही त्याच्याच बाजूचा. पाठोपाठ रशियाच्या युद्धनौका येत असल्याचे बोलले जाऊ लागले. ढाक्याची लढाई तिथेच संपणार की नाही, हे आता भलत्याच राजधान्यांत ठरणार होते. भावाचे जहाज त्याच पाण्यात होते.

शेजारच्या दुकानातले शिंपी चाचा आले. "काय शेठ, तुमचा रशिया आला म्हणते."

वडिलांनी तराजूचा काटा सरळ केला. "चाचा, दोन हमालाचं भांडण चहावर मिटते. दोघाचे अडते मांगं उभे राह्यले, की अख्खा बाजार बंद पडते."

"तवा तं लय खुशीत होते तुम्ही."

"तवा रशियाच दिसला. त्याच्यापुढं कोण उभं राहीन, थे नाई दिसलं."

आईला सांगायचे नाही, असे आम्ही ठरवले. ती स्टेशनवरूनच ऐकून आली. रिकामी टोपली खाली ठेवून तिने वडिलांना विचारले, "अमेरिकेच्या बोटीनं गोळा टाकला तं रशिया काय करीन?"

"थोही टाकीन."

"मंग माह्या पोराची बोट मधातच हाये ना?"

ब्लॅकआउटमुळे दिव्याला काळा कागद लावून आम्ही जेवलो. आई जेवली नाही.

ढाक्यात शरणागती झाली, तेव्हा बाजारात गुलाल उधळला. वडिलांनी मला एवढेच विचारले, "थ्या बोटी परतल्या का?" परतल्याची बातमी नव्हती. ते गादीवरून उठले नाहीत.

काही आठवड्यांनी भाऊ रजेवर आला. जेवताना वडिलांनी विचारले, "अमेरिकेचं जहाज पाह्यलं का बे?"

"नाई बाबा. पाणीच पाणी. पण तोफेजवळून हलायचं नाई, असा हुकूम होता. जेवणही तिथंच."

"अन् दिसलं असतं तं?"

आईचा वाढता हात थांबला. भावाने ताट तिच्याकडे सरकवले.

"वाढ न माय," तो म्हणाला.