समासातली भोकं

निहार, ईरा,

काल व्हिडिओ कॉलवर निहार म्हणाला, "आजी, नव्या शाळेत टीचर बोलतात ते सगळं डोक्यावरून जातं." तेव्हापासून मला राहवत नाहीये. कंडक्टरकाकांबद्दल मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

काका आमचे कोपरीतले शेजारी, खोपटच्या डेपोत एसटीचे कंडक्टर. उद्याच्या कामात आजच इतका रमणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नव्या मार्गावर ड्यूटी लागली की आदल्या संध्याकाळी गॅलरीत फेऱ्या मारत सगळे थांबे मोठ्याने म्हणायचे. सुट्टी असली तर त्या गाडीने प्रवासी म्हणून जाऊनही यायचे. काकू चिडवायच्या, "गाडी अजून सुटली नाही, आणि हे पोचलेसुद्धा." काका म्हणायचे, "उद्या एखादी म्हातारी थांबा विचारेल, तेव्हा मी कागद बघत बसू?"

आठवीत मला मराठी शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घातलं. वर्गात मी मुकी. मोठ्या बाईंनी आईला सांगितलं, सहामाहीपर्यंत मुलगी बोलली नाही तर जुन्या शाळेत न्या. मला मात्र इंग्रजी शाळेतच शिकायचं होतं.

काकांना इंग्रजी येत नव्हतं. तरी म्हणाले, "उद्याचा धडा आज मला वाचून दाखव. अडशील तिथे पेन्सिलीने खूण कर. उद्या वर्गात तेवढ्याच थांब्यांवर उतरायचं."

मी खुणा केल्या आणि शाळेत जाण्याआधी खोडरबराने पुसून टाकल्या. माझी पुस्तकं कायम कव्हर घातलेली, कोरी करकरीत. शिवाय मला काय येत नाही, ते वर्गातल्या मिसना दिसलं असतं.

संध्याकाळी काकांनी पान पाहिलं. "मग उतरलीस कुठे?" त्यांनी तिकिटांचा पंच काढला. पुढचा धडा घर्षणाचा होता. मी दोनदा अडखळले आणि दोन्ही वेळा त्या ओळीशेजारी, समासात, कट्कन भोक पडलं.

"आता पूस बघू."

मी रडकुंडीला आले. धड्याचा अर्थ जमेल तसा मराठीत सांगितला, तर काकांचाच प्रश्न आला. "घर्षण नसतं तर गाडी सुसाट पळाली असती म्हणतेस. मग ब्रेक कसा लागला असता गं?" मी धडा पुन्हा चाळला, त्यात ते नव्हतं. तिसरं भोक त्याचं.

दुसऱ्या दिवशी वर्गात शब्द येत होते आणि मी त्यांना ओळखत होते. काय सांगू तुम्हाला तो आनंद! पहिल्या दोन भोकांची उत्तरं मिसच्या बोलण्यातच मिळाली. तिसऱ्यापाशी त्या थांबल्या नाहीत. मी उभी राहिले. "मिस, नो फ्रिक्शन... बस हाऊ स्टॉप?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मिस हसल्या नाहीत. त्यांनी फळा पुसला, त्यावर बस काढली आणि उरलेला तास ब्रेकवर गेला. मोठ्या बाईंचा निरोप आईला पुन्हा आला नाही.

त्या संध्याकाळी मी धावत जाऊन काकांना ब्रेकचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "बरं. उद्या काय आहे?"

काका निवृत्त होऊन गावी गेले आणि तिथेच वारले. ते पुस्तक माझ्या कपाटात आहे. कव्हर विटलंय, भोकं तशीच आहेत.