कोपऱ्यावरची हाक

"हळू बोल, लोक ऐकतील!"

"लोकांना ऐकू येतंच रे! येत नाही ते तुला!"

एर्मिनियो आणि त्याची बायको ओलिवा यांचं हे भांडण आमच्या सगळ्या चौकानं ऐकलं. खिडक्या समोरासमोर, मध्ये फक्त वाळत घातलेल्या चादरी. कान काय मिटता येतात? नवऱ्याचं बहिरेपण लपवायचं म्हणून तिनं शपथ घेतलेली, पण तेही बिचारीला त्याला ओरडूनच सांगावं लागे. असं ते गुपित.

एर्मिनियो गोंडोला वल्हवायचा, व्हेनिस बघायला आलेल्या पाहुण्यांना फिरवायचा. हा वाडा कधीचा, तो पूल कधीचा, हे त्यांचं विचारणं ऐकू येत नसे, म्हणून सगळ्यांना एकच उत्तर: "पंधरावं शतक!" एका बाईनं म्हणे विचारलं, लग्न झालंय का तुमचं? तरी पंधरावं शतक.

"पाहुण्यांचं सोड," ओलिवा म्हणायची, "कोपऱ्यावर काय करतोस?"

कालव्याच्या वळणावर पलीकडचं दिसत नाही. वळण्याआधी "ओऽऽए" अशी हाक द्यायची. पलीकडून उत्तर आलं तर थांबायचं. हाक न देता वळणाऱ्या नावाड्याबरोबर आमच्यात कुणी पेलाभर वाइनसुद्धा पीत नाही.

"वल्हं सोडलं तर मी कोण?" एवढंच तो म्हणाला.

मग वसंतात ते झालं. मागच्या गल्लीतला दानिलो, नुकतंच लग्न झालेला, समोरून आपली होडी घेऊन येत होता. एर्मिनियोनं हाक दिली, काही ऐकू आलं नाही, वळला. टक्कर चुकवायला दानिलोनं हात पुढे केला आणि होडी नि भिंत यांच्यामध्ये तो हात चिरडला. वल्हं धरायचा हात.

"पोरानं हाकच दिली नाही," एर्मिनियो धक्क्यावर सांगत सुटला. खोटं नव्हता बोलत. त्याला खरंच तसं वाटत होतं. पोराचा हात गेला, वर अब्रूही गेली.

त्या संध्याकाळी तो सूप पीत बसला असताना ओलिवा त्याच्या पाठीमागे उभी राहिली आणि हाका मारू लागली. आधी नावानं, मग शिव्यांनी, मग लग्न नवं होतं तेव्हाच्या लाडक्या नावानं. सगळा चौक खिडक्यांत जमला. तो आपला सूप पितोय. शेवटी तिनं पुढे येऊन त्याला खिडक्यांतली माणसं दाखवली. त्याचा चमचा हवेतच राहिला.

सकाळी धक्क्यावर जाऊन तो म्हणाला, "दानिलोनं हाक दिली होती. मी बहिरा आहे." वल्हं ठेवलं ते ठेवलंच. पुढे आकडा लावलेली काठी घेऊन धक्क्याला लागणाऱ्या दुसऱ्यांच्या होड्या धरायचा, पाहुण्यांना उतरताना हात द्यायचा.

आणि दर शुक्रवारी ओलिवाच्या हातची कांदा-व्हिनेगरमधली मासळी दानिलोच्या दाराशी नेऊन ठेवायचा. पायीच जायचा, तरी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून हाक द्यायचा. दानिलोनं दार कधी उघडलं नाही. मागच्या शुक्रवारचा वाडगा मात्र धुऊन पायरीवर ठेवलेला असे. अशी वर्षं गेली.

शेवटच्या शुक्रवारी दाट धुकं होतं. त्याच रात्री तो झोपेतच गेला, पण दिवसा ते कुणाला ठाऊक होतं?

"छातीत दुखतंय ना, आज नको जाऊस," ओलिवा ओरडली. "व्हिनेगरमधली मासळी काय नासते का एका दिवसात?"

"पंधरावं शतक," असं म्हणत त्यानं टोपी घातली.

कोपऱ्यावर त्यानं हाक दिली. वरच्या खिडकीतून उत्तर आलं, "ओऽऽए!" दानिलोचा आवाज. पुन्हा आला, आधीपेक्षा मोठा. आम्ही सगळ्यांनी ऐकला.

एर्मिनियो नेहमीइतकाच थांबला, वळला, भरलेला वाडगा पायरीवर ठेवला, रिकामा उचलला आणि घरी आला.