हरणाऱ्या संघाचा माणूस लातुरात

इंग्लंडमधल्या ज्या गावात मी नोकरीला आहे, तिथे दोनच गोष्टी. एक कॅथेड्रल, म्हणजे तिथल्या बिशपचं भलंमोठं देऊळ, आणि दुसरा गावाचा फुटबॉल क्लब. कॅथेड्रल नजरेत मावत नाही आणि क्लब कोणाच्या खिजगणतीत नाही. माझे घरमालक ग्रॅहम शनिवारी क्लबला हरताना बघतात आणि रविवारी कॅथेड्रलची घंटा वाजवतात. मोठ्या देवळांच्या गावचे क्लब बहुतेक असेच रडतखडत खेळतात, असं त्यांचं ठाम मत. "देव एकाच इमारतीत दमून जातो," म्हणतात. त्या वर्षी क्लब आणखी खालच्या गटात घसरला. मी सुट्टीवर लातूरला निघालो, तर हे गृहस्थ गळ्यात क्लबचा लोकरीचा मफलर अडकवून ऐन उन्हाळ्यात सोबत यायला तयार!

हैदराबादला उतरून रेल्वे पकडली. मुदखेडला गाडी नेहमीप्रमाणे कारण न सांगता थांबली. समोरच्या बाकावरचे आजोबा बराच वेळ मफलर न्याहाळत होते.

"सायबाला थंडी वाजून राहिली का?"

"न्हाई आजोबा, त्यांच्या गावच्या टीमचा हाय तो."

"जिंकली का टीम?"

"हरली."

"मंग कशाला घालून हिंडून राहिले?"

मी प्रश्न इंग्रजीत करून सांगितला. ग्रॅहम म्हणाले, "हरली म्हणूनच." आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू भाषांतर मीच चुकवलंय.

नांदेडला गुरुद्वाऱ्यात डोकं टेकवून लंगरला बसलो. ग्रॅहमनी तीनदा डाळ मागून घेतली. "आमच्याकडे प्रार्थनेनंतर चहा मिळतो, बरोबर एक बिस्कीट. दुसरं घेतलं तर चहा देणाऱ्या बाई रोखून बघतात," ते कुजबुजले. मग त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, इथला संघ कसा आहे? इथे हॉकीचे मोठे सामने भरतात, लांबलांबचे संघ येतात, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांचा सिद्धांत नांदेडात आडवा झाला होता.

एसटीने अहमदपूरमार्गे लातूर गाठलं. चौकाचौकात मोठे फलक, फलकांवर पोरापोरींचे फोटो, खाली मार्क. ग्रॅहमना वाटलं, खेळाडू. मी म्हटलं, तसंच समजा. आमच्याकडे क्लब नाहीत, कोचिंग क्लास आहेत. एका क्लासचे फिजिक्सचे सर दुसऱ्याने फोडून नेले की गावभर तीच चर्चा. त्यांना हे सगळं लगेच पटलं. "पण खालच्या गटात गेले त्यांचे फोटो कुठे लावतात?"

"लावत नाहीत," मी म्हटलं.

थोरल्या भावाच्या, दादाच्या घरी पोहोचलो तर भर दिवसा दाराला आतून कडी. आदल्या दिवशी पुतणीचा, स्नेहलचा निकाल लागला होता आणि मेडिकलचा नंबर हुकला होता. वहिनींनी दार उघडून हळू आवाजात सांगितलं, "पोरगी आतल्या खोलीत बसलीय, कालधरनं घास न्हाई खाल्ला. आन् ह्यांनी तिच्याशी तोंड न्हाई उघडलं." दादा शाळामास्तर. स्नेहल हसतखेळत डॉक्टर होणार, हे त्याने सगळ्या शाळेला सांगून ठेवलं होतं.

वहिनींनी सुशीला (मुरमुरे भिजवून केलेला फोडणीचा नाश्ता) पुढे ठेवली. ग्रॅहमनी काय झालं ते विचारलं आणि मी सांगितलं. ते दादाकडे वळून म्हणाले, "आमचा क्लब घसरला त्याच्या पुढच्या सामन्याला मैदानात उभं राहायला जागा नव्हती. बिशपसुद्धा आले, पावसात भिजले. जिंकत होतो तेव्हा त्यांना कधी वेळ नव्हता."

मी ते मराठीत सांगितलं. दादाने नकारार्थी मान हलवली.

"आपल्यात तसं न्हाई बाबा. भूकंपात घर बसलं तवा लई लोक आले. ओळख ना पाळख, पत्रे हुबे करून दिले, पोरांना जेवू घातलं. निकालाला कोनी येत न्हाई." ताटली बाजूला सारून तो म्हणाला, "मी बी न्हाई गेलो."

तो उठला. आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाला, "स्नेहल, मी हाय गं. दार काढ."

बऱ्याच वेळाने पोरगी बाहेर आली, डोळे सुजलेले. ग्रॅहमनी उभं राहून तिच्याशी हात मिळवला. "खालच्या गटात स्वागत आहे. इथल्या प्रेक्षकांची गाणी जास्त चांगली असतात." दादाकडे चोरून बघत मी भाषांतर केलं. स्नेहल फिस्सकन हसली आणि ताटली ओढून जेवायला बसली.

सुट्टी संपली, परत आलो. स्नेहलने बीएस्सीला नाव घातलंय, पुन्हा परीक्षा द्यायची की नाही ते तीच ठरवणार आहे. एवढ्या लांब जाऊन आम्ही पाहिलं ते काय, तर एक बंद दार. पण ते उघडताना पाहिलं, आणि त्यापुढे मला बाकी सगळा प्रवास फिका वाटतो.

परवा शनिवारी आमचा क्लब दणकून हरला. मैदानातून बाहेर पडतोय तोच दादाचा फोन. त्याने जन्मात कधी फुटबॉलची चौकशी केली नव्हती.

"काय झालं रे मॅचचं?"

"हरलो."



"लोक आलते का?"

"हाव. मायंदाळ (पुष्कळ) आलते."

"मंग बरं हाय," दादा म्हणाला.