राऊतांकडचं लाल चीज

जगन्नाथ राऊतांना स्वयंपाकघरात कुणी पाहिलं असेल, तर ते पाणी पिताना. पापडी गावात त्यांची केळीची वाडी होती तोवर त्यांचा सगळा दिवस बाहेरच जायचा. मग भावाभावांत वाटण्या झाल्या, वाडी बिल्डरकडे गेली, आणि जगन्नाथराव बायको, मुलगा, सून आणि नात यांच्यासह बोळिंजला पाचव्या मजल्यावर राहायला आले. फ्लॅट हवेशीर होता. तक्रार करावी असं काहीच नव्हतं, आणि तीच त्यांची अडचण होती.

एप्रिलात लेस्लीचा फोन आला. लेस्ली हा पापडीचा शेजारी. दोघे एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना वाढले, आणि भांडले तेही बहुधा त्या कुंपणावरूनच. लेस्लीच्या लेकीला, टिफनीला, मुलगी झाली होती. बाळाचा बाप्तिस्मा मे महिन्यातल्या एका रविवारी होता आणि सगळ्यांनी यायचं होतं.

फोन ठेवताच जगन्नाथरावांना घडाची आठवण झाली. लेस्लीच्या घरी कुठलंही कार्य असलं, की केळीचा पहिला घड राऊतांच्या वाडीतून जायचा. त्यांच्या आजोबांपासूनची ही रीत. टिफनीच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याला जगन्नाथरावांनीच खांद्यावरून घड नेला होता. आता काय न्यायचं?

त्यांच्या पत्नीने, मंदाताईंनी, सोपा उपाय सुचवला. खाली नाक्यावर केळीवाला बसतो.

"विकतचा घड कुणीही देईल," जगन्नाथराव म्हणाले. "त्यात राऊतांच्या हातचं काय?"

"मग तुमच्या हातचं आता काय राहिलंय ते बघा," मंदाताई म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या. बोलणं लागलं, कारण ते खरं होतं.

वाट काढली ती नातीने. इशिता कॉलेजात जाते आणि टिफनीशी तिचं रोज मोबाइलवर बोलणं होतं. तिने बातमी दिली, की टिफनीचं तिखट तिच्या आईने बंद केलं आहे. पोरगी फिक्या जेवणाला विटली आहे आणि तिला लाल चटणीच्या सँडविचची स्वप्नं पडतात. यावर इशिताकडे तोडगा होता: पावाला लावायचं पाप्रिका चीज. दिसायला लालबुंद, चवीला खमंग, तिखट मात्र नाही.

चीज घरी करता येतं हेच जगन्नाथरावांना नवीन होतं. दूध फाडायचं, टांगायचं, वाटायचं, असं इशिताने सांगितलं, आणि केळी लावण्यापेक्षा नक्कीच सोपं आहे असा शेरा मारला. हा शेरा त्यांनी मनावर घेतला.

पहिल्या खेपेला त्यांनी म्हशीचं दूध लिंबाने फाडलं आणि फडकं इतक्या जोराने पिळलं, की आतला गोळा खडूसारखा कोरडा झाला. वर घरातलंच लाल तिखट घातलं. मुलाने एक घास खाल्ला आणि तो डोळे पुसत गॅलरीत गेला. बाळंतिणीला हे दिलंत तर ॲंजेला तुम्हाला गावात पाऊल ठेवू देणार नाही, असं मंदाताईंनी बजावलं. ॲंजेला म्हणजे लेस्लीची बायको, आणि ती ते करू शकते हे जगन्नाथरावांना माहीत होतं.

दुसऱ्या खेपेला इशिताने विरारच्या एका मॉलमधून पाप्रिका नावाच्या लाल पुडीची छोटी बाटली आणली. फडकं या वेळी न पिळता नळाला टांगलं. पनीर ओलसर असतानाच चक्का, लोणी, पाप्रिका, तुपावर परतलेला लसूण, मीठ आणि चिमूटभर शहाजिऱ्याबरोबर मिक्सरमधून काढलं. झालं ते छानच झालं. सगळ्यांनी बोटं चाटली. फक्त जगन्नाथराव बाटली हातात घेऊन बसले होते.

"यात मुख्य ते विकतचंच," ते म्हणाले.

"दूधही विकतचंच आहे," मंदाताई म्हणाल्या. "आता म्हैस कुठे बांधायची, लिफ्टमध्ये?"

जगन्नाथरावांनी बाटलीतली चिमूट जिभेवर ठेवली. गोडसर, उन्हाची चव असलेली. ही कुठल्याशा बिनतिखट मिरचीची पूड असणार, आणि उन्हात वाळवणं हे तर त्यांच्या घराण्याचं काम. वाडीत केळी सोलून, कारवीच्या मांडवावर वाळवून त्यांची सुकेळी करण्यात त्यांचं बालपण गेलं होतं. ते बाजारात गेले आणि पिकून लाल झालेल्या ढोबळ्या मिरच्या घेऊन आले. जोडीला रंगापुरत्या थोड्या बेडगी मिरच्या आणून त्यांच्या बिया आणि शिरा काढत बसले. त्याच हाताने डोळा चोळला आणि अर्धा तास बेसिनपाशी काढला.

ढोबळ्या मिरच्यांच्या पट्ट्या गॅलरीत मच्छरदाणीखाली पडल्या. आठवडाभर जगन्नाथराव दिवसातून चारदा त्या उलटत होते, कबुतरांना हाकलत होते, ऊन सरकलं की ताट सरकवत होते. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मंदाताईंना हळूच विचारलं, काकांची तब्येत बरी आहे ना. मंदाताई म्हणाल्या, इथे आल्यापासून आत्ताच बरी आहे.

बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमधला विधी आटोपून मंडळी लेस्लीच्या घरी आली. जगन्नाथराव घरच्या पुडीने केलेल्या चीजचा स्टीलचा डबा घेऊन ओट्यावर चढले आणि थबकले. ओट्याच्या वाशाला केळीचा टपोरा घड लटकत होता. खाली उभे असलेले एक म्हातारे पाहुणे केळं सोलता सोलता म्हणाले, "जगन्नाथ, वाडी गेली म्हणतात, पण घड आलाच हो तुमचा. राऊतांची केळी ती राऊतांचीच."

जगन्नाथरावांनी घडाकडे पाहिलं. साली एकसारख्या पिवळ्या, देठ मात्र हिरवे. पावडर लावून पिकवलेला माल. मग त्यांनी लेस्लीकडे पाहिलं. लेस्ली घाईघाईने कुणाची तरी खुर्ची सरळ करत होता.

गप्प राहिले असते तर सगळं निभलं असतं.

"हा घड माझा नाही," जगन्नाथराव म्हणाले. "लेस्लीने विकत आणलाय. माझ्याकडे आता केळी नाहीत. मी हे आणलंय."

म्हाताऱ्या पाहुण्यांनी हातातल्या केळ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. लेस्ली जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अरे जग्या, मला वाटलं, हात रिकामे म्हणून तू यायचाच नाहीस. म्हटलं, तुझ्या नावाचा घड तरी असू दे."

"मूर्ख आहेस," जगन्नाथराव म्हणाले. "डबा धर."

डबा उघडला तसा लाल रंग पाहून ॲंजेला धावत आली. हे टिफनीच्या जवळही न्यायचं नाही, असा तिने हुकूम सोडला. जगन्नाथरावांनी सांगितलं, की मिरची आहे पण तिखट नाही. असली मिरची आपण ऐकली नाही, असं ॲंजेला म्हणाली. शेवटी तिने पावाच्या तुकड्याला जरासं लावून स्वतःच तोंडात टाकलं. आता ठसका लागणार, म्हणून इशिता पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहिली. ठसका लागला नाही. ॲंजेलाने आणखी एक तुकडा घेतला, या वेळी मोठा.

"जगूभाऊ, हे तुम्ही केलंत? मंदाने नाही?"

"मी यातलं चमचाभरही ढवळलेलं नाही," मंदाताई मागून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जे कौतुक होतं ते जगन्नाथरावांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

टिफनीने मांडीवरचं बाळ नवऱ्याकडे दिलं, पाव घेतला आणि त्यावर बोटभर जाडीचा थर दिला. पहिला घास घेऊन डोळे मिटले. दुसरा पाव तिने मागितला नाही, सरळ उचलला.

"जगूकाका," ती तोंडात घास असतानाच म्हणाली, "मला महिन्यात पहिल्यांदा जेवल्यासारखं वाटतंय."

मग डबा फिरला. केटररच्या ट्रेमधले सँडविच तसेच राहिले आणि नुसत्या पावांना मागणी आली. मुंबईहून आलेल्या कुणी बाईंनी ॲंजेलाला विचारलं, हे कुठल्या दुकानातलं, आम्हालाही पत्ता द्या.

ॲंजेला डब्याच्या कडांना लागलेलं पावाने पुसून घेत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दुकानात मिळत नाही ते. राऊतांकडचं आहे."