आक्काबाईनं भरती सांगितली नाही

खुटबावच्या आक्काबाईचा नवरा जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून चुलत जाऊ कुशाबाई आणि तिचा नवरा सोपानराव दर नांगरटीला आक्काबाईच्या उसाचा बांध वीत-वीत कोरत आलेले. गेल्या उन्हाळ्यात हद्दीचा दगडही कुणीतरी उपटला. पाहिलेलं माणूस पुढं येईना. आक्काबाई भांडली नाही, डूख धरून बसली.

दोघींच्या बचत गटाची सहल कोकणातल्या एका बेटावर गेली. होडीतून उतरल्यावर आक्काबाईनं सुरूच्या झाडाखाली सतरंजी टाकली. कुशाबाईनं आपली चादर बरोबर तिच्या पुढं, पाण्याच्या बाजूला पसरली.

"आक्का, तुम्हाला मागं सरकायची सवयच हाय की!"

बायका फिदीफिदी हसल्या.

आक्काबाई उठून कोळीवाड्यात सुकट घ्यायला गेली. बोंबील उलटवणाऱ्या कोळणीनं किनाऱ्याकडं बोट केलं. "ती पुढची चादर कुनाची? भरती लागलीय. घटकाभरात पानी झाडांपाशी येल. सांग तिला."

आक्काबाईनं मान डोलावली, सुकट घेतली आणि सतरंजी गुंडाळून वर दगडावर जाऊन बसली.

देशावरच्या माणसाचं पाणी कालव्याचं. वरून सोडल्याशिवाय ते येत नाही. कुशाबाई कोरडी साडी भरलेली पिशवी चादरीवर ठेवून लाटांत नाचायला गेली. मागं वळून बघते तर चादर बुडालेली आणि पिशवी तरंगत आक्काबाईच्या दगडाला लागलेली.

"आक्का, धरा की!"

आक्काबाईनं खाली वाकून बंद धरला. "धरलीय. हद्दीचा दगड कुणी उपटला ते सांग. समद्या बायांसमोर."

"येड लागलं का तुम्हाला? पिशवी द्या आदी."

"दगड, कुशे."

गटाची अध्यक्ष राजश्री मधे पडली, "आक्का, जाऊ द्या ना."

कुशाबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. तिचा जिभेवरचा ताबा सुटला. "न्हाई सांगत जा! काय करशील?"

आक्काबाईनं बोटं सोडली. लाटेनं पिशवी ओढून नेली.

"ऐकलंत न्हवं?" ती बायांकडं वळली. "आमी न्हाई उपटला, असं तिच्या तोंडातनं निघालं न्हाई. मोजणीवाला आला की हेच सांगायचं. राजश्री, तू पयली."

राजश्रीनं कुशाबाईकडं बघितलं आणि हळूच "व्हय" म्हणाली.

परतीच्या बसमध्ये कुशाबाई ओल्या साडीत कुडकुडत बसली. आक्काबाईच्या मांडीवरच्या पिशवीत तिची स्वतःची एक कोरडी साडी होती. घाट चढून बस वर आली तरी तिनं पिशवीची गाठ सोडली नाही.