बायकोचा गुडघा

हे मी कोणाला सांगितलेलं नाही — मुलाला नाही, सुनेला नाही, ज्या समुपदेशक मॅडमसमोर आम्ही वर्षभर बसलो त्यांनाही नाही. तिथे तर सगळं सांगायलाच जात होतो! तरी हे राहिलं. राहिलं कसलं — मी ठेवलं.

आधी मी कोण ते ऐका. भडगावात आमच्या गल्लीत मला नाना म्हणतात. नवरा-बायकोचं बिनसलं, सासू-सुनेचं फाटलं, की दोन्हीकडची माणसं बैठकीला आधी मला बोलावतात. किती मोडते संसार सांधले मी! बढाई वाटेल — वाटू द्या, खरी आहे.

आणि माझ्याच घरात अबोला होता. मुलगा-सून जळगावला वेगळे राहायला गेले, त्याचा राग मी बायकोवर काढला. तिच्याशी बोलणंच टाकलं. ताट समोर यायचं, मी जेवायचो, उठायचो. असे महिने गेले. शेवटी सूनबाई — धुळ्याची, तोंडाची स्पष्ट — म्हणाली, जळगावात समुपदेशक आहेत, दोघं या. मी जाणार? पण बायको जन्मात पहिल्यांदा हट्टाला पेटली, म्हणून गेलो.

बरं झालं गेलो. मॅडमनी आधी आम्हाला वेगवेगळं बसवलं, मग जोडीनं, पुढे मुला-सुनेसह चौघांना. माझ्या बैठकीत मी बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. इथे मला ऐकावं लागलं. सत्तरीला टेकलेला माणूस बायकोच्या तोंडाकडे बघून ‘चुकलो’ म्हणायला शिकला. माझ्या सगळ्या निवाड्यांपेक्षा मला याचा अभिमान जास्त आहे.

मग लपवायचं काय होतं? तेच तर. गावाची भांडणं सोडवणारा नाना स्वतःचं भांडण घेऊन दुसऱ्याच्या दारात जातो — हे गल्लीला कळलं असतं तर? दर गुरुवारी आम्ही एसटीला निघालेलं लोकांना दिसणारच. म्हणून मी सांगून टाकलं, हिचा गुडघा गेलाय, जळगावच्या डॉक्टरांना दाखवतोय. घरी येऊन हिला तसं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले. मग एवढंच म्हणाली, “कोनता पाय?”

उजवा, म्हणालो मी. त्या दिवसापासून ती उंबऱ्याबाहेर पडली की लंगडायची.

दोन-चार महिन्यांत बरा झाला म्हणता आलं असतं ना? पण शेजारचे आबा स्वतःचा दुखरा गुडघा चोळत आले. “नाना, त्या डाक्टरना पत्ता द्या ना, मना गुडघाबी दुखी ऱ्हायना.” आता पत्ता कोणाचा देऊ? म्हणालो, कसला डॉक्टर, काही गुण नाही हो. झालं — त्या एका वाक्यानं तिला बरं होण्याची वाटच मी बंद केली. मॅडमपुढे तिनं माझं सगळं सांगितलं, जुने अपमानसुद्धा. हे तेवढं नाही सांगितलं. माझी लाज तिनं झाकली, आणि मी झाकू दिली.

माझ्या बायकोसारखे खापरावरचे मांडे आमच्या भागात कोणी करत नाही. हेही अभिमानानंच सांगतो. पुरण भरलेला कणकेचा गोळा ती हातांवर असा फिरवत मोठा करते की पाहणारा जेवण विसरतो. लग्न कोणाचंही असो, चुलीपुढे मान तिचा. पण गुडघा गेलेल्या बाईला चुलीपुढे कोण बसवणार? पुतण्याच्या मुलीच्या लग्नात तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, मायेनंच. समोर दुसऱ्या बाया करत होत्या. मांडे फाटत होते. हिचे हात मांडीवर आपोआप फिरत होते.

मी दारातच उभा होतो. ‘हिचा पाय बरा आहे, हिला बसू द्या’ — एवढं म्हणायचं होतं. लोकांच्या घरात हिमतीनं बोलणारा मी. म्हणालो काय? पंगत बसवा, उशीर होतोय.

आता जळगावच्या खेपा संपल्या. आम्ही बोलतो, हसतो. संध्याकाळी ओट्यावर शेजारी शेजारी बसतो. सूनबाई चार माणसांत आमचं उदाहरण देते आणि माझी छाती फुगते.

परवा घरात आम्ही दोघंच होतो. दार लावलेलं. ती स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली, ती लंगडत आली.

आता खरंच दुखतो का, हे मी अजून विचारलेलं नाही.