मास्तर डाव्या खुर्चीत

विमान शिकवणाऱ्या माणसाला कुणी मास्तर म्हणत नाही. पण त्या फ्लाइंग क्लबात सगळे त्यांना मास्तरच म्हणत, आणि त्याला कारण त्यांचं तोंड. विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असे. "उजवा पाय. उजवा म्हणालो. तो डावा आहे, तोही तुमचाच आहे, पण आत्ता उजवा." असं एकतीस वर्षं चाललं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेले लोक आता कुठे कुठे मोठाली विमानं चालवत होते आणि म्हणे ढगात शिरताना अजूनही त्यांच्या कानात मास्तर ओरडत.

शिकवण्याच्या विमानात दोनच खुर्च्या असतात. डावी शिकणाऱ्याची, उजवी शिकवणाऱ्याची. मास्तरांची एकतीस वर्षं उजव्या खुर्चीत गेली होती आणि त्या खुर्चीत त्यांच्या आकाराचा एक खड्डा तयार झाला होता.

खड्डा थोरलीत होता. थोरली म्हणजे क्लबचं जुनं विमान. दणकट, ठोकळेबाज, कुणी कितीही आपटलं तरी मनावर न घेणारं. तिच्या इंजिनाचं आयुष्य संपलं आणि नवं बसवायला परवडेना, म्हणून क्लबने ती काढून टाकली आणि आणली धाकटी. लाइट स्पोर्ट विमान, वजनाला थोरलीच्या निम्मं. डोक्यावर काचेचा घुमट, इंजिनाचा आवाज शिलाई मशीनसारखा. हँगरमधून बाहेर काढायला थोरलीला तिघं लागत. धाकटीला मेकॅनिक एका हाताने ओढत आणी आणि दुसऱ्या हाताने फोनवर बोलत असे.

नियम असा होता, की धाकटीवर शिकवायचं तर आधी बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर ती स्वतः उडवून, उतरवून दाखवायची. क्लबचे सेक्रेटरी फार गोड माणूस. ते म्हणाले, "नाहीच जमलं तर जमिनीवरचे वर्ग आहेतच की, मास्तर. फळा, खडू, पंखा."

त्या रात्री मास्तर घरातला पंखा बंद करून झोपले.

विमान विकणाऱ्या कंपनीच्या पायलटाबरोबर त्यांचे उजव्याच खुर्चीतून चार तास उडून झाले होते. पण उतरवताना दर वेळी त्या पायलटाची दोन बोटं विमान वळवायच्या, नाक वर-खाली करायच्या दांडीवर असत. अगदी अलगद, दिसणार नाहीत अशी. मास्तरांना दिसत, कारण एकतीस वर्षं त्यांनी स्वतः तेच केलं होतं. त्यामुळे त्या चार तासांत विमान आपण उतरवलं की त्याने, हे त्यांना खात्रीने सांगता येत नव्हतं. घरीही त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

चाचणीच्या दिवशी सकाळी बायकोने विचारलं, "आज परीक्षा ना?"

"परीक्षा नाही. चाचणी."

"तेच ते. पेन घेतलंत?"

"पेन नाही लागत."

"बरं." मग चहाचा कप पुढे सरकवत ती म्हणाली, "आणि हे बघा, नाही झालात पास तरी काही बिघडत नाही. घरी बसा निवांत. खूप उडलात."

मास्तरांनी चहा अर्धाच प्यायला.

परीक्षक बाई बरोबर नऊला आल्या. हातात कागद अडकवलेली पाटी, डोळ्यांवर काळा चष्मा. चौदा वर्षांपूर्वी त्या मास्तरांकडेच शिकल्या होत्या, आणि पहिल्या दहा तासांत त्यांनी मास्तरांना दोनदा घाम फोडला होता. मास्तर तेव्हा त्यांना 'ए पोरी' म्हणत. आज म्हणाले, "नमस्कार, मॅडम."

बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. मग तो पुन्हा चढवला.

बाहेरच्या बाकावर दातांचे डॉक्टर बसले होते. थोरलीवर त्यांचं शिक्षण अर्धवट राहिलेलं. तीन आठवडे वाट बघून आज ते दवाखाना बंद ठेवून आले होते. मास्तरांनी विमानाभोवती फेरी मारली, तेल पाहिलं, चाकं दाबून पाहिली, आणि सवयीने उजव्या बाजूने पंखावर पाय ठेवला.

"सर," बाई म्हणाल्या, "आज ती माझी जागा."

बाकावरून डॉक्टर हसले. स्वतःचे दात चांगले असले की माणूस असा हसतो. मास्तर शेपटीला वळसा घालून डावीकडे गेले.

डाव्या खुर्चीत सगळंच उलटं होतं. इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा थ्रॉटल जो हात ओळखत होता तो आता दांडीवर, आणि दांडीवरचा हात थ्रॉटलवर. तरी उड्डाण झकास झालं. झालं म्हणजे, मास्तर अजून वेग मोजतच होते आणि धाकटी केव्हाच जमीन सोडून निघाली होती. थोरलीला वळवायचं म्हणजे आधी अर्ज करावा लागे, मग ती विचार करी, मग वळे. धाकटी मनातलं ओळखत होती. मास्तरांनी नुसतं डावीकडच्या तळ्याकडे पाहिलं आणि ती तिकडे झुकली. घुमटातून वर, खाली, बाजूला सगळं उघडं. वाऱ्याची साधी झुळूक आली तरी पंख शहारत. आपण विमानात बसलोय असं वाटेना, विमान अंगात घातलंय असं वाटू लागलं. बाईंनी सांगितलेली तीव्र वळणं झाली, वेग पार कमी करून विमान मुद्दाम खाली पडू देणं आणि सावरणं झालं. मास्तरांना मनातून बरं वाटत होतं, पण तोंडातून अवाक्षर नाही.

मग उतरणं आलं. बाईंच्या कागदावर उतरण्याच्या तीन संधी होत्या. पैकी एकदा तरी विमान नीट टेकवून थांबवायचं होतं.

पहिल्या वेळी मास्तरांनी थोरलीच्या हिशेबाने वेग ठेवला. जड विमानाला थोडा जास्तच बरा. धाकटी धावपट्टीवर आली आणि तरंगत राहिली. खाली यायलाच तयार नाही. निम्मी धावपट्टी मागे पडली, मग त्याहून जास्त. मास्तरांनी मुकाट्याने इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि वर घेतली.

दुसऱ्या वेळी वेग बरोबर होता, पण डोळे थोरलीचे होते. थोरलीत बसलं की बूड जमिनीपासून चांगलं उंचावर. जमीन अमुक इतकी जवळ दिसली की नाक उचलायचं, हे डोळ्यांत एकतीस वर्षांचं कोरलेलं. धाकटीत मात्र माणूस जमिनीला जवळजवळ खेटून बसतो. त्यामुळे जमीन नेहमीइतकी जवळ दिसली आणि मास्तरांनी नाक उचललं, तेव्हा चाकं अजून बरीच वर होती. धाकटी हवेतच थांबली, विचारात पडल्यासारखी, आणि मग धप्पकन आपटून उसळली. पुन्हा इंजिन. पुन्हा वर.

धावपट्टीभोवती पुन्हा फेरी सुरू झाली. मास्तरांना खडूचा वास येऊ लागला होता.

"सर, एक विचारू?"

"विचारा, मॅडम."

"तुम्ही गप्प का?"

"चाचणी आहे. चाचणीत उमेदवाराने बडबड करू नये."

"असं कोण म्हणतं?"

"मीच म्हणालो होतो. तुमच्या चाचणीआधी."

"मी कुठे ऐकलं होतं?" बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

मास्तर शेवटच्या वळणावर आले. समोर धावपट्टी. आणि मग त्यांचं त्यांनाही कळलं नाही, पण पट्टा सुरू झाला.

"वेग किती? साठ. साठ कशाला हवेत? कुणाच्या लग्नाला निघालाय? नाक किंचित वर. किंचित म्हणालो. हां. आता पन्नासवर राहा. उजवा पाय. झोपलाय का तो पाय? बूड खाली आहे, विसरू नका, जमीन खोटं बोलतेय. अजून नाही. अजून नाही म्हणतोय ना, ऐकायला येतं का? लांबचं टोक बघा. थांबा… थांबा… आता. दांडी ओढू नका, मागे आणा. आणत राहा. घाई कुणाला आहे?"

टेबलावर पुस्तक ठेवावं तशी धाकटी टेकली. मास्तर तरी थांबेनात. "झालं नाही अजून. सरळ. टाळ्या नंतर. ब्रेक कोण दाबणार, मी?"

ब्रेक त्यांनीच दाबला.

इंजिन बंद झाल्यावर बाईंनी पाटीवर लिहायला घेतलं. बराच वेळ लिहीत होत्या. मास्तर त्यांच्या पेनाकडे बघत होते.

"दुसऱ्या वेळी आपटली," बाई म्हणाल्या.

"आपटली."

"पण दोन्ही वेळा हट्ट न करता वर घेतलीत. आणि तिसरी मी स्वतः अशी उतरवू शकले नसते." त्यांनी खाली सही केली आणि पाटी पुढे केली. "उद्यापासून शिकवा. आणि सर, पुन्हा मॅडम म्हणालात तर खोडून टाकीन."

"बरं, पोरी," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. इतका पडला, की उतरता उतरता ते पंखावरच बसले. पंखावर बसायचं नाही हे त्यांनी आजवर कितीजणांना दरडावून सांगितलं असेल कोण जाणे. मेकॅनिकने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

तिथूनच त्यांनी घरी फोन लावला.

"पास," ते म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हॅलो? ऐकलंस का?"

"ऐकलं. जरा खाली बसले."

"का? बरं नाही का तुला?"

"अहो, तीन आठवडे घरात बसून तुम्ही मला दूध तापवायला शिकवताय. 'आच कमी. कमी म्हणालो. ते बटण नाही, दुसरं.' मला वाटलं, आता हे जन्माचं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"मग सकाळी म्हणालीस ते? घरी बसा निवांत?"

"मग काय म्हणू? नापास झालात तर घर सोडून जाईन म्हणू?" ती हसली आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "झालं ना नीट? लागलं नाही ना कुठे?"

"नीट झालं," मास्तर म्हणाले. "फारच नीट झालं."

डॉक्टर बाकावरून उठून आले होते. त्यांनी मास्तरांचा चेहरा पाहिला आणि हळूच विचारलं, "सुटलात?"

"आम्ही दोघंही," मास्तर म्हणाले.